झेल्याची काठी माझ्याकडे आहे

रत्नागिरी
२० जानेवारी

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

दत्तूकाका पाकीट घेऊन आले तेव्हा मी साळवी स्टॉपला एका दवाखान्याच्या काचा पुसत होतो. हात साबणाने भरलेले, म्हणून त्यांनीच ते माझ्या खिशात कोंबलं. खोलीवर येऊन मोजले तर पंचवीस हजार. काकांना फोन करून विचारलं, बाबांनी ठेव मोडली काय? तर म्हणाले, "मला काय विचारतोस, मी हमाल." म्हणजे मोडलीत. काकांना खोटं बोलणं जमत नाही.

पैसे परत पाठवतोय. रागावू नका, आधी हिशेब वाचा. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मध्येच आई फोन ओढून जेवलास काय विचारते, म्हणून कागदावर लिहितोय.

दसऱ्याला काचा पुसायचा धंदा सुरू केला तेव्हा माझे एकूण ६,२०० रुपये गेले. त्यातले अडीच हजार नुसत्या शिडीचे, आठ फुटी ॲल्युमिनियमची, कुवारबावच्या एका रंगाऱ्याकडून जुनी घेतली. स्क्वीजी, म्हणजे काचेवरचं पाणी ओढायची मूठवाली रबरी पट्टी, ८५०, तिची जादा रबरं ३००, साबण लावायचा फरवाला दांडा ४५०, पातं लावायची खरवडणी ३००, दहा मायक्रोफायबरची फडकी ६००, दोन बादल्या ४००, साबण आणि लिंबूफूल २००. उरलेले ६०० कार्डं छापायला गेले, आणि तेवढे मात्र फुकट गेले. कार्ड बघून अजून एकाही माणसाने फोन केलेला नाही. गाडी घरचीच होती. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी मोबाईलवर झाली, तिला पैसे लागत नाहीत. जीएसटीचा प्रश्न वर्षाला वीस लाखांच्या पुढे, तेव्हा ती काळजी माझ्या पोरांनी करायची. बँकेतल्या बाईंनी सरकारी मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज सुचवलं, पन्नास हजारांपर्यंत मिळतं. पण पन्नास हजारांच्या वस्तू या धंद्यात आणून ठेवायच्या कुठे?

आणि एक वस्तू हिशेबात धरलेली नाही. आई, तू नवरात्रात पडवीभर शोधत होतीस ती आंबे काढायच्या झेल्याची काठी मी आणली आहे. उंच काचांसाठी लांबत जाणारा दांडा मिळतो, पण चांगला घ्यायचा तर तीन हजारांच्या खाली येत नाही. आपला माणगा बांबू भरीव, सरळ, हलका. टोकाला थोडा तासला आणि स्क्वीजीची मूठ दोन क्लिपांनी आवळली. गणपतीपुळ्याच्या एका लॉजच्या मालकाने विचारलंन, "आंबे काढायला आलास काय?" आता तिथलं काम दर पंधरा दिवसांनी माझ्याकडेच आहे.

बाबा, तुम्ही फोनवर "पुसायचं काम" एवढंच म्हणालात आणि गप्प झालात. वाडीत मला काचपुश्या म्हणतात हेही कानावर आलंय. म्हणोत. पण तुम्हाला तरी हे काम काय आहे ते सांगतो.

आई कंदिलाची काच पुसायची ते आठवतंय? चुलीतली राख चाळून घ्यायची, आत हात जायचा नाही म्हणून माझा घालायला लावायची, आणि शेवटी तोंडाजवळ धरून "हा" करायची. त्या वाफेत राहिलेला डाग दिसायचा. मी अजून तसंच करतो. फक्त राख वापरत नाही, इथल्या काचेला तर काहीच घासायचं नाही. मांडवी, भाट्ये, आरे-वारेच्या बाजूची काच बघाल तर वरून नुसती धुरकट वाटते. तो असतो खार. खार ओल धरतो, त्या ओलीवर आपली लाल माती चिकटते. लोक येतात ते कोरडं फडकं घेऊन जोर लावतात, आणि मातीचे कण काचेवर ओरखडे काढतात. ते मग जन्मात जात नाहीत. म्हणून आधी साधं पाणी सोडायचं आणि थांबायचं. खार पाण्यात विरघळतो, माती खाली येते. मग बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, जास्त नाहीत. वरची बोटभर पट्टी फडक्याने कोरडी करायची आणि तिथून रबर टेकवून एका दमात खाली ओढायचं. पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढवायचा, दर वेळी रबर पुसायचं. ऊन काचेवर यायच्या आत उरकायचं, नाहीतर ओढायच्या आधीच पाणी सुकतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर लिंबूफुलाचं पाणी, पण ते खालच्या संगमरवरावर सांडू द्यायचं नाही, दगड खातं.

ही जी स्क्वीजी, ती एतोरे स्टेकोने नावाच्या माणसाने १९३६च्या सुमारास अमेरिकेत काढली. इटलीहून तिकडे गेलेला, आणि स्वतः काचा पुसणारा. आधीची अवजारं लोखंडी, जड, रबर बदलायचं तर डझनभर स्क्रू काढा. त्याने पितळेची हलकी केली, एकाच रबराची. मुंबईला आमच्या टॉवरवर दोरावर लटकून काचा पुसणारी मुलं हे सांगायची.

पण गिऱ्हाईक मिळालं ते काचेमुळे नाही, भोकांमुळे. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरून बारीक चिरा असतात, पावसाचं पाणी जायला. त्यात वाळू, मेलेल्या मुंग्या, पालीची अंडी असं काय काय बसलेलं असतं. जूनमध्ये वाऱ्याची झड आली की पट्टी भरते आणि पाणी आत, थेट गादीवर. माणूस खिडकी बसवणाऱ्याला शिव्या घालतो. मी जुन्या दातांच्या ब्रशने पट्टी घासतो, खराट्याचा हीर घालून चिरा मोकळ्या करतो आणि मालकाला बोलावून पट्टीत तांब्याभर पाणी ओततो. पाणी सुर्रकन बाहेर पडलं की तो माझ्याकडे बघतो, मग बायकोला हाक मारतो, मग मी पुन्हा एक तांब्या ओततो. नाचण्यातल्या एका सोसायटीत एका दुपारी अशी सात घरं मिळाली. आता मे महिन्यात हेच काम आगोटीचं, पावसाआधीच्या तयारीचं, म्हणून सांगणार आहे. लोक मिरच्या, सुकी मासळी भरतात, तेव्हाच खिडक्याही करून घेतील. चाकरमान्यांचे बंद बंगले तर गणपतीच्या आधी आहेतच.

पहिल्या महिन्यात ४,३५० मिळाले, दुसऱ्यात ९,१००. डिसेंबरात १६,४००, पर्यटक होते म्हणून. त्यातून पेट्रोल १,९०० गेलं. जानेवारी डिसेंबरएवढा होणार नाही, आणि पावसाचे चार महिने कसे जातील ते बघायचंच आहे. दुकानांच्या काचा तेव्हाही असतात, महिन्याला चार खेपा, तीनशे रुपये. अशी अकरा दुकानं आहेत. मुंबईत हातात अठरा हजार यायचे, त्यातले सहा हजार खोलीला जायचे, हे तुम्हाला माहीत आहे.

एक नुकसान झालं. नव्या बंगल्याच्या काचेवर सिमेंटचे शिंतोडे होते, मी खरवडणी कोरडीच चालवली. काच टफन केलेली, म्हणजे तापवून कडक केलेली. उन्हात बघतो तर केसाएवढ्या रेघा, वीतभर लांब. मालक घरात नव्हते. गप्प बसून निघून आलो असतो तर कदाचित कळलंही नसतं. एसटीत कंडक्टर असताना तुमच्या पिशवीत दोन रुपये कमी भरले की तुम्ही रात्री जेवायच्या आधी डेपोत भरून यायचात, आई चिडायची, ते आठवलं. मालकांना फोन केला. ३,२०० भरले. खरं बोललो म्हणून त्या बंगल्याचं काम पुन्हा मिळालं, असं मात्र झालं नाही. आता सिमेंट दिसलं की आधीच सांगतो, ही जोखीम तुमची, आणि कागदावर सही घेतो. तुमच्या तिकिटांच्या हिशेबाच्या वेबिलासारखं.

आई, शिडीवरून पडशील मेल्या, असं तू दत्तूकाकांजवळ म्हणालीस. दोन मजल्यांच्या वरचं काम मी घेत नाही. पैसे कितीही देऊ दे. आणि दुसऱ्या मजल्याला मी खाली उभा असतो, वर जाते ती काठी. बाबा, पंतप्रधान सुरक्षा विमा घेतलाय, वर्षाला वीस रुपये, दोन लाखांचा. कशाला मिळतात ती ओळ आईला वाचून दाखवू नका.

तर दत्तूकाकांजवळ २४,९८० देतोय. मोजून घ्या. वीस रुपये विम्याचे ठेवून घेतले, तेवढा तुमचा हिस्सा धंद्यात असू दे. बाकीचे बँकेत परत ठेवा, व्याज बुडालं असेल ते गेलं.

मार्चात हापूस काढायला झेला लागेलच, आणि काठी मी देऊ शकत नाही. मागच्या बेटातले दोन माणगे तोडून ठेवा, बारा फुटी. तुम्ही म्हणता तसे अमावास्येलाच तोडा, कीड नको. एक झेल्याला. दुसरा जरा बारीक बघून, माझ्या मुठीत बसेल असा. शिमग्याला येईन तेव्हा नेईन.

तुमचा
बंड्या