पालकमंत्री साहेब, क्वांटमच्या आधी कचरागाडीच्या नोंदी द्या

मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा, यांस
स. न. वि. वि.

केंद्राने 19 एप्रिल 2023 रोजी 6,003.65 कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला (अणू-कणांच्या अजब नियमांवर चालणारे संगणक वगैरे घडवण्याच्या योजनेला) मंजुरी दिली. चांगलंच झालं. पण आता क्वांटम आणि एआयच्या नावावर काहीही खपवायला लोक मोकळे झालेत. उद्या कोणी तुमच्यापुढे स्लाइड लावेल : कचरागाडीला डेपोतून निघून 15 ठिकाणं घेऊन परत यायचं, तर उलटसुलट दिशा एकच धरूनही सुमारे 65 हजार कोटी क्रम होतात, साध्या संगणकाला हे झेपत नाही, आमचं क्वांटम यंत्र घ्या.

आकडा खरा, निष्कर्ष खोटा. 85,900 ठिकाणांच्या एका प्रश्नाचा सर्वांत कमी अंतराचा मार्ग 2006 सालीच साध्या संगणकांवर सापडलाय. सगळे क्रम कोणी मोजत बसत नाही. क्रमांच्या झाडाच्या ज्या फांदीत चांगलं उत्तर असूच शकत नाही, ती गणित आधीच छाटतं.

क्वांटमची कल्पना मात्र मला मनापासून आवडते. तापलेला धातू सावकाश थंड केला की त्यातले अणू नीट बसतात. या तत्त्वावर 1983 मध्ये उत्तर शोधण्याची एक रीत आली : सुरुवातीला वाईट उत्तराकडेही उडी मारू द्यायची, मग ‘उष्णता’ कमी करत उड्या आवरायच्या. कादोवाकी आणि निशिमोरी या जपानी भौतिकशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये उष्णतेच्या जागी क्वांटम चढउतार घातले. म्हणजे वाईट उत्तराच्या खड्ड्यात अडकल्यावर टेकडी चढून जायचं नाही, आरपार जायचं. डी-वेव्ह कंपनी 2011 पासून अशी यंत्रं विकते. पण रोजच्या व्यवहारातल्या प्रश्नांत ती उत्तम साध्या प्रोग्रॅमना सातत्याने हरवतात, असं अजून दिसलेलं नाही.

मशीन लर्निंगचा, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाने स्वतः शिकण्याचा, उपयोग आजच आहे, पण त्याला खाऊ लागतो तो नोंदींचा. इतवारीत माल उतरत असताना कोणत्या गल्लीला किती वेळ लागतो, हे नकाशा सांगत नाही. महालातल्या एका चालकाने मला ऐकवलं, "नकाशात रस्ता दिसते जी, पण गाडी वळते कुठं?" ती गल्ली मी पाहिली. दोन्ही बाजूंना ओटे, मध्ये विजेचा खांब. गाडी आत गेली तर रिव्हर्सनेच बाहेर. असं बंधन प्रोग्रॅमला कोणी सांगितलंच नाही, तर क्वांटम काय नि साधा काय, दोघेही गाडी तिथेच घुसवतील.

म्हणून मागणी दोनच. गाडी कोणत्या गल्लीत किती वाजता पोचली, कुठे अडली, याच्या नोंदी शहरातल्या महाविद्यालयांना खुल्या करा. घरमालकांची नावं नकोत. आणि असं कोणतंही यंत्र घेताना निविदेतच अट घाला : त्याच नोंदी, तेवढाच वेळ, आणि समोर फुकट मिळणारा एखादा चांगला प्रोग्रॅम. त्याला हरवलं तरच पैसे.

आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्पाचे विषय सत्राच्या सुरुवातीलाच ठरतात. त्याआधी एका झोनच्या नोंदी मिळाल्या तरी काम सुरू करता येईल.

आपला,
गणिताचा एक प्राध्यापक, नागपूर