पाटीवर नुसतं नाव नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारगिल विजय दिन जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या चौकांत फलक झळकू लागतात. पुढाऱ्यांचे फोटो हातभर, जवानाचा टिकलीएवढा आणि खाली 'अमर रहे'. तो जवान कोणत्या पलटणीत होता, कुठे पडला, पडण्याआधी त्याने काय केलं, याची एक ओळही नसते. याच महिन्यातली 10 जुलै ही तारीख तर एवढ्या पावसातही आपल्याकडे कोरडीच जाते. मराठा रेजिमेंटच्या फाटकाआड मान राखला जात असेलच. मी गावाबद्दल बोलतोय.

10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे पडले. वय 22. मूळचे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले, पण पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी, आणि या रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून आपल्या बेळगावात. म्हणून त्यांच्यावर आपलाही हक्क आहे, असं मी मानतो.

त्या दिवशी घाडगेंच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सगळे ठार तरी झाले किंवा जखमी. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे दिसत असतानाही ते टॉमी गन (हातातली छोटी मशीनगन) झाडत एकटेच शत्रूच्या त्या मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. आणखी एकाला गोळीने टिपलं. उरले दोघे. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना संपवलं. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्यांची समाधी कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव तेवढं कोरलेलं आहे.

मी शाळेत शिकवत होतो तेव्हा हा प्रसंग वर्गात सांगायचो. बंदूक उलटी धरली या ठिकाणी मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. जयजयकाराच्या घोषणेने ती कधी गप्प झालेली मला आठवत नाहीत.

आता एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो शिकल्यासवरल्या माणसांकडूनच येतो. 'अहो, तो इंग्रजांसाठी लढला, त्याचं कौतुक आपण कशाला करायचं?' हा हिशेब मला पटत नाही. समोर हिटलरची फौज होती, हे एक. दुसरं म्हणजे इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीयांचे, आणि त्यांत मराठा रेजिमेंटचे दोन; दुसरे नामदेव जाधव. हा पराक्रम इंग्रजांच्या खात्यावर मांडून आपण मोकळं का व्हायचं? आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. घाडगेंची पलटण स्वातंत्र्यानंतर काही विरून गेली नाही. 1952 मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि 2 पॅरा झाली. तीच पलटण 11 डिसेंबर 1971 रोजी, बांगलादेशच्या युद्धात, ढाक्याच्या वरच्या टांगाइलला विमानांतून पॅराशूटने उतरली आणि 16 तारखेला ढाक्यात पहिल्यांदा शिरणाऱ्यांत होती. टांगाइलचा अभिमान बाळगायचा आणि टायबर परक्याची म्हणायची, हे कसं जमायचं?

ज्या मुलुखात ते पडले तिथल्या लोकांना तरी हा प्रश्न पडला नाही. पेरुजा प्रांतातल्या मोंतोने या छोट्याशा गावाने जुलै 2023 मध्ये घाडगेंच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. आपल्याकडे बेळगावच्या लष्करी कॅम्पातून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे नाव सांगता येईल?

पुतळ्याची मागणी मी करत नाही. पुतळा म्हटलं की जागा कुठली, उंची किती, उद्घाटनाला कोण आणि पाटी कोणत्या भाषेत, यातच आपली दहा वर्षं जातात. मागणं साधं आहे. आपल्या गावांच्या वेशीवर, शाळांच्या आवारात हुतात्म्यांच्या ज्या पाट्या आणि कमानी आहेत, त्यांवर नावाखाली चार ओळी असाव्यात: पलटण, ठिकाण, तारीख आणि त्याने काय केलं. मराठीत आणि कन्नडमध्येही. या मुलुखात दोन्ही घरांतली पोरं एकाच बराकीत झोपली आणि एकाच चरात लढली, तेव्हा पाटीवरून भांडण होऊ नये.

हे काम लवकर व्हायला हवं. शौर्यपदकाबरोबर मिळणारं प्रशस्तिपत्र बहुतेक घरांत पत्र्याच्या काळ्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांखाली पडून असतं. आमच्या भागातल्या एका घरी मी असं एक पाहिलं. घडीच्या रेषेवर कागद फाटलेला, आणि पावसाळ्याच्या ओलीने खालच्या दोन ओळी पुसून गेलेल्या. मजकूर इंग्रजीत, घरात वाचणारं कुणी नाही. आपला मुलगा नेमकं काय करताना गेला, हे त्या म्हाताऱ्या आईला कुणी धड सांगितलेलंच नव्हतं. मी वाचून मराठीत सांगितलं, तर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं आणि शेजारणीलाही हाक मारून बसवलं.

युवक मंडळांनी फलकांवरचा खर्च एक वर्ष बाजूला ठेवला तरी बऱ्याच पाट्या होतील. ज्यांच्या घरी अशी प्रशस्तिपत्रं आहेत त्यांनी फोटो काढून आपल्या गावच्या शाळेत द्यावेत. खानापूर तालुक्यातल्या मराठी मजकुराचं काम मी करतो. कन्नडसाठी माझ्या शेजारचे निवृत्त मास्तर तयार आहेत. फक्त अक्षरं मोठी काढा, म्हणतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर