चिबडाचा देठ

गुहागर,
भाद्रपद वद्य पंचमी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी तिसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून पत्र. घाटाविषयी एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे, तेव्हा घाबरू नकोस, पूर्ण वाच.

आजीच्या तेराव्याच्या संध्याकाळी तू जो हिशोब मांडलास तो माझ्या डोक्यातून जात नाही. आजीसाठी महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप, एका मंत्राला दहा सेकंद, म्हणजे ३५० तास. पाच गुरुजी, अकरा दिवस. एवढ्या तासांत एकाला तरी ठाऊक होतं का, आपण काय म्हणतोय ते? आणि मग ते शेवटचं वाक्य. त्यातले दहा तास कुणी आजीच्या उशाशी नुसतं गप्पा मारत बसलं असतं तर?

मनू, रात्री तिची कूस बदलायला मी उठत होते. चाळीस रात्री. बसले होते गं मी. हे तेव्हा बोलले नाही, आता लिहिते आहे, आणि लिहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं तर तसंही काही वाटत नाही. सोड.

बाबा तेव्हा चिडले खरे, पण परवा शेजारच्या काकांना ओटीवर सांगत होते, "आमची मनू कागद-पेन्सिल न घेता हिशोब करते." सुरात राग नव्हता. तुला म्हणून सांगते, संपुटासकट, म्हणजे मागेपुढे जोडलेल्या बीजाक्षरांसकट, तो मंत्र दहा सेकंदांत होत नाही. तुझा हिशोब कमीच पडला.

तर तू साडेनऊला त्या पावसात गाडी काढलीस. बारा वीसला "घाट चढले" एवढा मेसेज, आणि मग पहाटे पावणेपाचपर्यंत काही नाही. मी देवघरात बसून होते. दुसरं काही सुचेना म्हणून तोच मंत्र म्हणत होते, तू ज्याचा हिशोब केलास तोच. म्हणताना वाटलं, मनू विचारते ते खोटं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून म्हणते आहे, आणि मला 'मामृतात्' म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी धरून चालले होते की माम् म्हणजे मला. मला मृत्यूपासून वाचव. बस.

म्हणून गेल्या आठवड्यात तुमच्या शाळेतल्या संस्कृतच्या सरांकडे गेले. आता त्यांना कमी दिसतं, पण तुझं नाव काढल्यावर "विभक्ती चुकायची, पण प्रश्न बरोबर विचारायची" म्हणाले. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरांत पदं सुटी करून दिली. ऋग्वेदाच्या ७व्या मंडलातलं ५९वं सूक्त, त्यातला शेवटचा, १२वा मंत्र. सगळं सूक्त मरुतांचं आणि शेवटी हा एकच रुद्राचा. तीन डोळ्यांच्या, सुगंधी, पोषण वाढवणाऱ्या देवाचं आम्ही यजन करतो. उर्वारुक जसं देठाच्या बंधनातून सुटतं, तसा मी मृत्यूपासून सुटावा. आणि मग 'मा अमृतात्'. मा म्हणजे नको. अमृतापासून मात्र नको.

मी म्हटलं, "उर्वारुक म्हणजे?"

"काकडी. काकडीच्या जातीचं फळ."

मी सरांशी वाद घातला, हसू नकोस. म्हटलं सर, काकडी नसणार. तवसं, म्हणजे आपली मोठी काकडी, आपण कापूनच काढतो, ते कधी आपणहून सुटलंय? हा चिबूड असला पाहिजे, खरबुजाच्या जातीचा. सर म्हणाले, पुस्तकात काकडी आहे. असेल. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी वेल लावला होता का ते मला माहीत नाही.

मी कराडची. चिबूड या घरात पहिल्यांदा पाहिला. लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात आजी मला विहिरीमागे घेऊन गेली. वेल जमिनीवर पसरलेला, पानांखाली काही दिसत नव्हतं, पण वास येत होता. आजी म्हणाली, आधी वास घे, मग शोध. मी एक पिवळा चिबूड धरून ओढला. तुटला, पण वेलाचा तुकडा बरोबर आला आणि देठातून पाणी गळायला लागलं. आजी वैतागली. "ओढू नको गो. नुसता हात लाव. यायचा असेल तर येईल." दुसऱ्याला तिने खालून नुसता तळवा लावला आणि तो तिच्या हातात आला. देठ वेलालाच राहिला. फळाच्या डोक्यावर एक गोल, कोरडी खूण, रुपयाएवढी. कुठे तुटल्यासारखं दिसतच नव्हतं.

सरांच्या कागदावर 'सुगन्धिम्' आणि 'उर्वारुकम्' अशी दोन पदं एकाखाली एक होती, आणि मला तो वास आला. खरंच आला.

आता जे तुला सांगितलेलं नाही ते. श्रावणात, जाण्याच्या आठेक दिवस आधी, आजी नीट शुद्धीवर होती. व्याडेश्वराच्या देवळात जप सुरू होता, आणि मीही तिच्या उशाशी माळ घेऊन म्हणत होते. तिने विचारलं, "हे सगळं कशासाठी गो?" म्हटलं, तुम्ही बऱ्या व्हाव्यात म्हणून. ती हसली. दात काढलेले होते, त्यामुळे ते हसू लहान मुलासारखं दिसलं. म्हणाली, "मग मंत्र चुकला गो तुमचा." आणि डोळे मिटून तिचं आपलं रामकृष्णहरी सुरू. मला वाटलं तापात बोलते आहे. हेदवीच्या आजोबांची मुलगी ती. तिला अर्थ ठाऊक असेल हे इतक्या वर्षांत माझ्या मनात कधी आलं नाही. मी कधी विचारलंच नाही. तू विचारलं असतंस.

तू म्हणालीस, सव्वा लाखाचा काय उपयोग झाला, गेलीच ना आजी. मनू, मंत्रात 'जाऊ देऊ नकोस' असं कुठेच नाही. ती तर पिकून गेली. शेवटच्या दिवशी चहा मागितला, दोन घोट घेतले, "साखर जास्त झाली" म्हणाली. ओढावं लागलं नाही कुणाला.

तुझी बाजूही सरांना सांगितली, लपवलं नाही. ते खूश झाले. म्हणाले, हे भांडण यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात आहे, अडीच हजार वर्षांपूर्वीचं तरी. कौत्स नावाचा कुणी म्हणतो, मंत्रांना अर्थच नसतो. यास्क त्याला म्हणतो, आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. मी म्हटलं, म्हणजे आमची लेक कौत्साच्या बाजूची? तर म्हणाले, "छे, यास्काच्या. वेद पाठ करून ज्याला अर्थ कळत नाही तो नुसता ओझं वाहणारा खांब, असंही त्यातच आहे." मला घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी अभिषेकाला 'उर्वारुकमिव'पाशी थांबले. परत पहिल्यापासून म्हणाले. सावकाश.

पण सगळ्यालाच अर्थ लावत बसू नये असंही मला वाटतं, हे ऐकून घे. आजीचं रामकृष्णहरी तीन हाका आहेत. मुलगी आईला हाक मारते तेव्हा 'आई' या शब्दाचा अर्थ काय असं विचारत नाही. तुझ्या पिढीला प्रत्येक गोष्टीचं स्पष्टीकरण लागतं, आणि स्पष्टीकरण मिळालं की गोष्ट संपली असं वाटतं. मावशीकडच्या लग्नात ज्ञान प्रबोधिनीच्या पुरोहित बाई प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगत होत्या, तुला आवडलं होतं, मलाही. पण सप्तपदीला तू मोबाईल बघत होतीस. अर्थ कानावर पडला म्हणजे… झालं सुरू माझं. माफ कर. चुकलं.

एक मात्र सांगते. शुक्ल यजुर्वेदात हाच मंत्र लगेच पुन्हा येतो, थोडा बदलून. कुमारिका अग्नीभोवती फिरत म्हणायच्या. तिथे 'पुष्टिवर्धनम्'च्या जागी 'पतिवेदनम्' आहे, नवरा मिळवून देणारा, आणि शेवटी 'इतो मुक्षीय मामुतः', इथून सुटावी, तिथून नको. इथून म्हणजे माहेराहून. मी काही सुचवत नाही आहे. बाबांच्या मित्राच्या मुलाचा विषय मी काढलेला नाही, आणि काढणार नाही.

मला आठवला तो कुंभार्ली घाट. लग्नाची एस्टी कराडहून निघाली, हेळवाकपर्यंत मी रडत नव्हते. घाट उतरायला लागल्यावर मळमळायला लागलं आणि त्याबरोबर रडूही आलं. आजी शेजारी बसली होती. तिने लिंबू नखाने टोचून माझ्या हातात दिलं आणि पोफळी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. समजूतही काढली नाही.

दिवसा उतरलो होतो आम्ही. तेव्हा तो घाट मी नीट पाहिलेला आहे, म्हणून म्हणते. पावसाळ्यात तिथे दरड येते, धुकं असतं, आणि मालाचे ट्रक मधोमध. रात्री येऊ नकोस, जाऊ नकोस. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

कारण असं झालंय बघ. अर्थ कळल्यापासून तू गाडीत असलीस की मला तो मंत्र म्हणवत नाही. गेल्या शनिवारी तू मैत्रिणीबरोबर महाबळेश्वरला गेलीस, मी देवघरात बसले आणि 'त्र्यंबकं' म्हणून थांबले. पुढचं पिकलेल्या फळाचं आहे. तुझ्यासाठी ते कसं म्हणू? मग नुसतं तुझं नाव घेत बसले, माळेवर. १०८ वेळा मनू. आजी असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. सरांना विचारायची लाज वाटली.

विहिरीमागच्या वेलाला या वर्षी सहा चिबूड आले. आजीने जूनमध्ये, पडायच्या आधी चारच दिवस, बिया लावल्या होत्या. दोन तुला शेजारच्या मुलाबरोबर पाठवते आहे. तो रविवारी दिवसाच्या गाडीने निघेल. वर्तमानपत्रात गुंडाळलेत, तरी डब्याला वास लागेल. त्याच दिवशी खा, गूळ आणि नारळाचं दूध घालून. डोक्यावरची गोल खूण बघ. मी ओढलेला नाही एकही.

दिवाळीला ये. आणि निघशील ती सकाळी.

तुझी आई

ता. क. पाकीट बंद करताना बाबांनी विचारलं, काय काय लिहिलंस. मी सांगितलं, मंत्राचा अर्थ. ते म्हणाले, "गाडीचे वायपर बदललेस का, ते विचार."