कप उचलणाऱ्या कॅप्टनचं नाव तरी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नायगावला राहतो. तुमचा पेपर आमच्या घरी मी शाळेत होतो तेव्हापासून येतोय आणि पत्र मात्र आज पहिल्यांदाच लिहितोय, कारण ६ मेच्या सोमवारपर्यंत थांबलो, वाटलं रविवारी जागा नसेल, सोमवारी तरी फुटबॉल फायनलचं नीट येईल, पण नाही आलं.

शनिवारी ४ मे २०२४ ला कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर आयएसएलची, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगची फायनल झाली. मुंबई सिटीने मोहन बागानला त्यांच्याच घरात ३-१ हरवलं. स्टेडियममध्ये ६२,००७ माणसं होती आणि त्यातली जवळपास सगळी बागानच्या हिरव्या-मरून रंगातली. या मॅचला तुमच्या अंकात खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात चार ओळी मिळाल्या. स्कोअर होता, दोन परदेशी खेळाडूंची नावं होती, बस. आदल्या रात्री वानखेडेवर केकेआरने एमआयला २४ रन्सनी हरवलं त्याला पाऊण पान आणि तीन फोटो. क्रिकेटबद्दल माझी काही तक्रार नाही, ती मॅच मीही बघितली आणि वाईटही वाटलं, पण कोलकात्याची टीम मुंबईत येऊन जिंकली त्याच्या चोवीस तासांत मुंबईची टीम कोलकात्यात जाऊन जिंकते, ही बातमी तुम्हाला हेडलाइनसाठी आयती चालून आलेली, ती कशी सोडलीत?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयएसएलच्या २०२३-२४ च्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट घेणाऱ्याला शील्ड होती आणि नंतर प्लेऑफ खेळून जो फायनल जिंकेल त्याला कप. मागच्या सीझनला शील्ड मुंबईने जिंकली होती आणि कप बागानने. या वर्षी १५ एप्रिलला याच सॉल्ट लेकवर लीगचा शेवटचा सामना होता, मुंबईचे ४७ पॉइंट, बागानचे ४५, आपल्याला नुसता ड्रॉ पुरला असता. २-१ ने हरलो. शील्ड त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर उचलली. तर फायनलला समोर आलेल्या बागानकडे कप आणि शील्ड दोन्ही होतं, आणि मधे गेले होते फक्त एकोणीस दिवस. त्याच मैदानात, त्याच गर्दीसमोर परत जाऊन उभं राहायचं, याला छाती लागते.

शिवाय वर्षभर काय काय झालं ते बघा. कोच डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला निघून गेले, नवीन कोच पेत्र क्रात्की सीझनच्या मधे आले, जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा प्लेअर गेला. सेमीफायनलला गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० ने मागे, तिथून सहा-सात मिनिटांत तीन गोल मारून ३-२, त्यातले दोन आपल्या चांगतेचे. आमच्या गोव्याच्या पाहुण्यांनी दोन दिवस फोन उचलला नाही.

पण मी पत्र लिहायला बसलो ते माझ्या बाबांमुळे. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, परळला गिरणीत होते. रोव्हर्स कप ही फुटबॉलची स्पर्धा असायची तेव्हा ड्यूटी सुटली की तसेच कूपरेज मैदानावर जायचे, आणि त्या काळात कोलकात्याचे क्लब मुंबईत यायचे म्हणजे सणच, बाबा तेव्हापासून पक्के मोहन बागानवाले. १९११ ला अनवाणी पोरांनी गोऱ्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड ही तेव्हाची मोठी स्पर्धा जिंकली ही गोष्ट आम्ही त्यांच्याकडून शंभरदा ऐकलीय. त्यामुळे शनिवारी घरात दोन पार्ट्या. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला, बाबा खुर्ची अगदी जवळ ओढून बसलेले, मी मागे उभा.

४४ व्या मिनिटाला बागानच्या पेट्राटोसचा लांबून मारलेला शॉट आपला गोलकीपर लाचेन्पाने अडवला पण बॉल पुढ्यातच राहिला आणि त्यांच्या कमिंग्सने आत ढकलला. बाबांनी टाळी वाजवली. ५३ व्या मिनिटाला मागून आलेला लांब बॉल आपल्या डियाझने उतरवला आणि गोल, १-१. मग ८१ वं मिनिट. बिपिन सिंगची पहिली किक बसलीच नाही, मला वाटलं गेला चान्स, पण बॉल तिथेच होता आणि हा गडी भांबावला नाही, परत मारला आणि आत. हाच बिपिन, ज्याने २०२१ च्या फायनलला फातोर्ड्यात याच क्लबविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला होता, तेव्हा कोविडमुळे बघायला स्टँडमध्ये कोणी नव्हतं. या वेळी बासष्ट हजार लोक होते आणि सगळे एकदम गप्प झाले, मोबाइलच्या स्पीकरमधूनसुद्धा ते कळलं, बाबा म्हणाले, ‘आवाज गेला का रे?’ शेवटी इंज्युरी टाइमच्या सातव्या मिनिटाला बदली खेळाडू म्हणून आलेल्या आपल्या वोइतुशने तिसरा मारला आणि विषय संपला.

कप द्यायच्या वेळी बाबा म्हणाले, ‘कप उचलतोय तो कोण?’ मी म्हटलं राहुल भेके, कॅप्टन आहे. ते म्हणाले, ‘भेके? म्हणजे आपला?’ हो म्हटलं, आपला, मुंबईचा. बागान हरलेलं विसरून हा माणूस मोबाइल हातात घेऊन त्याचा फोटो मोठा करून करून बघत बसला. आणि रविवारी सकाळी भिंग घेऊन तुमचं खेळाचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, मग उलटून मागचं पान बघितलं. भेके नाव कुठेच नव्हतं. सोमवारी परत तेच केलं. ते काही बोलले नाहीत, पण मला ते बघवलं नाही.

साहेब, हा पोरगा काय आहे ते तरी बघा. तो डिफेंडर आहे, गोल मारणं हे त्याचं काम नाही. तरी २०१८ च्या सुपर कप फायनलला ईस्ट बंगालविरुद्ध बरोबरीचा गोल त्याचा. २०१९ ला बंगळुरूकडून खेळताना आयएसएल फायनल आपल्याच अंधेरीत झाली, गोव्याविरुद्ध ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर, तेवढा एकच गोल आणि कप बंगळुरूला. आणि एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध ७५ व्या मिनिटाला परत हेडर, मुंबई सिटी २-१ ने जिंकली. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, भारतातल्या क्लबने जिंकलेली ती पहिली मॅच! असा मराठी आडनावाचा मुलगा या फायनलला मुंबईचा कॅप्टन म्हणून कोलकात्यात कप उचलतो आणि मराठी पेपरात त्याचं नाव नाही.

माझी बहीण कोल्हापूरला दिलीय. तिथे फुटबॉलच्या सीझनमध्ये गेलो की सकाळी पेपर उघडून बघतो, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तिथल्या तालमींच्या टीमची मॅच असेल तर कोणी कोणाला पास दिला, कोणाचा शॉट बारला लागला, इथपर्यंत सगळं छापून आलेलं असतं, आणि चहाच्या गाड्यावर लोक त्यावरून भांडतात. तिथली बारकी पोरं आपापल्या पेठेतल्या खेळाडूंची नावं पाठ म्हणून दाखवतात. आमच्या चाळीतल्या पोरांना मेस्सी, रोनाल्डो पाठ आहेत, भेके विचारा, माहीत नाही. त्यांना कळणार कुठून? कूपरेजवर आजही मुंबईच्या लीगच्या मॅचेस होतात, तिथे घाम गाळणाऱ्या पोराला आपलं नाव एकदा पेपरात दिसावं असं वाटत नसेल का?

तुमच्याकडे खेळाचं लिहिणारी चांगली माणसं आहेत, मी त्यांचं क्रिकेटवरचं आवडीने वाचतो. त्यातल्या एकाला भेकेला भेटायला पाठवा. तो लहानपणी कुठे खेळला, कोणी शिकवलं, १५ एप्रिलला हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये काय बोलणं झालं, हे मराठीत आम्हाला वाचायचंय. अर्धं पान द्या. रविवारीच द्या असंही नाही, कोणत्याही वारी चालेल, बाबा रोजचा पेपर वाचतात.

आपला,
एक जुना वाचक, नायगाव, मुंबई

ता.क. त्या चार ओळींमध्ये ‘मुंबई सिटीला प्रथमच विजेतेपद’ असं छापलंय. हा दुसरा कप आहे, पहिला १३ मार्च २०२१ चा. तेवढी दुरुस्ती कृपया उद्याच द्या.