हुमणीची बुरशी दुकानातच मरते आहे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की आमच्या भागात संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमू लागतात; उसाची मुळं खाणारी हुमणी ही त्यांचीच अळी. त्याच सुमारास कृषी सेवा केंद्रांत मेटारायझियमच्या, म्हणजे हुमणीला मारणाऱ्या बुरशीच्या, पुड्यांची थप्पी लागते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मी वाळवा तालुक्यातल्या ऊसवाल्या घरात आले. या बुरशीवर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच तिची विक्री कशी होते ते पाहून जीव तुटतो.

हुमणी काय करते हे सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. ऑगस्ट-सप्टेंबरात पोसलेला ऊस पिवळा पडतो, हिसका दिला की बुडख्यासकट हातात येतो, आणि खाली मुळं फस्त केलेली जाड पांढरी अळी वेटोळं करून पडलेली असते. ती जमिनीत खोल असते, त्यामुळे वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. मेटारायझियम मात्र मूळची मातीतलीच. तिचा बीजकण अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो, कातडी विरघळवत आत शिरतो आणि अळीच्या रक्तात वाढतो. अळी आधी खाणं सोडते, मग मरते. मेल्यावर अंगावर पांढरी लव येते आणि पुढे ती हिरवी होते. खणताना अशी कडक, हिरवट हुमणी सापडली की माझे सासरे आता ती सरीतच पुरतात, कारण त्या एका मढ्यावर पुढच्या अळ्यांसाठी असंख्य बीजकण तयार असतात.

ही काही नवी टूम नाही. १८७९ साली युक्रेनमधल्या ओडेसाजवळ शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यात हीच बुरशी ओळखली. ब्राझीलमध्ये गेली कित्येक दशकं उसावरच्या किडीसाठी साखर कारखाने आपापल्या प्रयोगशाळांत ती भातावर वाढवत आले आहेत. आपल्याकडे कृषी विद्यापीठांनीही हुमणीसाठी तिची शिफारस केलेली आहे.

मग गावोगाव ‘बुरशीनं काही होत नाही’ असं का ऐकू येतं? कारण शेतकऱ्याच्या हातात पुष्कळदा नुसती पांढरी भुकटी पडते. ग्रॅममागे किमान दहा कोटी बीजकण असावेत असा आपल्याकडचा निकष आहे. पण तो आकडा जिवंत बीजकणांचा. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात रचलेल्या पुड्यांत त्यातले किती जगणार? गेल्या उन्हाळ्यात एका दुकानात माझ्या हातात आलेली पुडी आदल्या पावसाळ्यातली होती, वर बाहेर पत्र्याच्या सावलीत ठेवलेली. दुकानदार म्हणाले, ‘ताई, पावडरला काय होतंय?’ त्यांना दोष देऊन काय उपयोग? ही पावडर जिवंत आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

शंका असेल त्यानं एक साधी परीक्षा करावी. बरणीत ओलसर माती घ्यावी, त्यात पुडीतली चिमूटभर भुकटी मिसळावी, उसाच्या मुळ्यांचे तुकडे टाकावेत आणि शेतातल्या चार-पाच हुमण्या सोडाव्यात. शेजारी बिनभुकटीची तशीच दुसरी बरणी हवी. दोन्ही सावलीत ठेवाव्यात, माती वाळू देऊ नये. दोन-तीन आठवड्यांत पहिल्या बरणीत हिरवी मढी दिसली तर माल जिवंत आहे. यंदा मी दोन दुकानांतला माल असा पाहिला. एकातल्या अळ्या हिरव्या झाल्या, दुसऱ्यातल्या मजेत मुळ्या खात राहिल्या. किंमत दोन्हींची सारखीच होती!

दुसरा घात टाकीत होतो. कीडही जाईल आणि रोगही जाईल म्हणून बुरशी आणि बुरशीनाशक एकत्र कालवून मुळाशी आळवणी करणारे मी पाहिले आहेत. सोयाबीनमध्ये तर याचा वेगळाच फटका बसतो. ढगाळ, दमट हवा राहिली की पानं खाणाऱ्या अळ्यांवर नोमुरिया नावाची बुरशी आपोआप येते. अळ्या पानाला चिकटून मरतात, आधी पांढऱ्या आणि मग फिकट हिरव्या दिसतात. फुकटची राखण ही! पण नेमक्या त्याच दिवसांत तांबेऱ्याच्या, म्हणजे पानांवरच्या बुरशीजन्य रोगाच्या, भीतीनं बुरशीनाशकाची फवारणी होते आणि तांबेऱ्याबरोबर ही राखणदारही मरते. तांबेरा आमच्या कृष्णाकाठी खरोखरच जबर आहे, तेव्हा फवारूच नका असं मी म्हणणार नाही. पण कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं ‘फुले संगम’सारखं तांबेऱ्याला तग धरणारं वाण पेरलेलं असेल, तर आधी शेतात वाकून पानं पाहावीत, मेलेल्या अळ्या पाहाव्यात आणि मग ठरवावं.

कृषी खात्याला माझी विनंती आहे. गुणनियंत्रण निरीक्षकांनी मे-जूनमध्ये दुकानांतून जैविक मालाचे नमुने घ्यावेत, त्यांतले जिवंत बीजकण मोजावेत आणि निकाल तालुक्याच्या फलकावर लावावेत. थंड जागा नसलेल्या दुकानाला हा माल ठेवूच देऊ नये. आणि साखर कारखान्यांनी, विशेषतः ज्यांच्या प्रयोगशाळा आहेत त्यांनी, तो आधीच बनवून न ठेवता पावसाच्या तोंडावर ताजा तयार करून भरणीच्या, म्हणजे उसाला माती लावण्याच्या, वेळी गटागटानं पोचवावा. तो शेणखतात मिसळून सरीत पडला आणि वर लगेच माती चढली की ऊन लागत नाही, ओलही टिकते.

आपल्या शेतीच्या पानावर हुमणीची बातमी दरवर्षी ऊस वाळल्यावर, सप्टेंबरात येते. तोवर अळी मोठी होऊन खोल गेलेली असते. हीच माहिती, बरणीच्या परीक्षेसह, आपण मेच्या शेवटच्या आठवड्यात छापाल का?

आपली नियमित वाचक,
एक ऊस उत्पादक शेतकरी
ता. वाळवा, जि. सांगली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)