तोरणा-राजगड धार : वाट कुठे चुकते तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला तोरणा ते राजगड या डोंगरधारेवरचा लेख वाचला. दोन्ही गडांची माहिती नेमकी आहे, छायाचित्रंही सुरेख आहेत. पण दोन गडांच्या मधे माणूस ज्या धारेवर सहा-सात तास चालतो, तिच्या वाट्याला लेखात एकच ओळ आली आहे : वाट मळलेली आहे, चुकायची भीती नाही. ती ओळ वाचून कुणीतरी येत्या शनिवारी पाठीवर सॅक टाकून निघेल, म्हणून हे पत्र. या धारेवर वाट चुकते. ठरावीक जागी आणि ठरावीक कारणांनी चुकते, आणि ती कारणं आधीच सांगून ठेवता येतात.

मी भोर तालुक्यातल्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थ्यांना, आता त्यांच्या मुलांनाही, घेऊन हिवाळ्यात ही धार चालते. त्यामुळे खाली लिहिते ते नकाशावर बोट ठेवून नाही, पायाखालचं आहे.

डोंगर चढताना वाट सहसा चुकत नाही, उतरताना चुकते. खालून वर जाताना सगळ्या सोंडा, म्हणजे माथ्यावरून खाली उतरणाऱ्या डोंगराच्या रांगा, एकमेकींना येऊन मिळतात. कुठलीही धरली तरी माथ्याकडेच नेते. वरून निघालं की त्याच सोंडा फुटत जातात. फुटतात त्या जागी दोन सोंडांमधलं अंतर चार-पाच पावलांचं असतं, आणि अर्ध्या तासाने मधे अख्खी दरी उभी राहते. तोरण्याहून राजगडाकडे निघणारा दिवसाची सुरुवातच अशा उताराने करतो. तोरण्याच्या बुधला माचीखालचा कातळटप्पा उतरताना सगळं लक्ष हातापायांकडे असतं. खाली घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, पाय टेकले की हायसं वाटतं, आणि समोर दिसेल ती पाऊलवाट धरली जाते. थांबून राजगड कुठे आहे ते बघायची जागा नेमकी तीच आहे. तो तिथून साधारण आग्नेयेला. हवा स्वच्छ असेल तर बालेकिल्ला लगेच ओळखू येतो. धुकं असेल तर होकायंत्र लागतं, आणि ते सॅकच्या तळाशी असून उपयोग नाही, खिशात हवं.

पुढच्या सगळ्या धारेवर मी मुलांना एकच सवय लावते : दर थोड्या वेळाने दोन्हीकडे बघा. राजगडाकडे तोंड असताना डाव्या हाताला कानंदी-गुंजवणीचं खोरं, उजव्या हाताला वेळवंडीचं, म्हणजे भाटघर धरणाच्या पाण्याचं. ही धार दोन खोऱ्यांमधला जलविभाजक आहे, म्हणजे पाणी इथून दोन्हीकडे वाटलं जातं. दोन्हीकडे जमीन खाली जाताना दिसते आहे तोवर आपण बरोबर आहोत. एकीकडे उतार आणि दुसरीकडे अंगावर येणारा चढ दिसू लागला, की धार सुटली असं समजायचं. वाट मधूनमधून एखाद्या टेपाडाला वळसा घालते, हे खरं. पण असा वळसा लवकर पुन्हा धारेवर यायला हवा. तो लांबतच चालला, चाल सपाट आणि सुखाची झाली, तर ती वाट बहुधा माणसांची नसते.

ती ढोरवाट असते, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ट्रेकर आठवड्यातून एकदा येतात. धारेवरच्या वाड्यांमधली गुरं रोज चरायला जातात. त्यामुळे डोंगरावरची सगळ्यात ठळक वाट पुष्कळदा गुरांचीच असते. माणसाची वाट कुठेतरी पोचायला निघालेली असते, गुरांची वाट चारा संपतो तिथे विरते. ती डोंगराच्या कुशीतून एकाच उंचीवर आडवी जाते, हळूहळू बारीक होते, तिला फाटे फुटतात आणि शेवटी गवताळ पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, नाहीशी होते. तोवर डोक्यावर एक कातळकडा आणि पायाखाली दुसरा, अशी अवस्था झालेली असते. माणसांच्या वाटेची खूण कातळावर शोधावी : जिथे हात घालतात, जिथे बूट टेकतात, तिथला दगड घासून फिकट आणि गुळगुळीत झालेला असतो. अशी खूण दिसत नसेल तर त्या कातळावर चढूच नये. आणि जिथून परत उतरता येणार नाही तिथे कुणीही चढू नये, मग पाठीमागची मुलं कितीही घाई करोत.

आता ज्याच्यासाठी हे पत्र मुद्दाम लिहिते आहे ते. वाट चुकलीच तर ओढा धरून खाली उतरा, पाणी गावाकडेच जातं, हा सल्ला मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे आणि छापलेलाही वाचला आहे. तो दुसऱ्या कुठल्या डोंगरात खरा असेल. सह्याद्रीत तो जीव घेईल. आपला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. हे थर जवळजवळ आडवे आहेत. कठीण थर सहज झिजत नाही, त्याचा सरळ कडा होतो. मधला ठिसूळ थर झिजून त्याचा उतार किंवा पदर होतो. म्हणून लांबून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. ओढा या प्रत्येक कड्यावरून उडी मारतो. पावसाळ्यात ज्यांची आपण छायाचित्रं काढतो ते धबधबे हेच. नाळेत, म्हणजे ओढ्याच्या अरुंद घळीत, उतरलेला माणूस पहिला छोटा टप्पा कसाबसा उतरतो, दुसरा घसरत उतरतो, तिसऱ्यावरून खाली नुसती झाडांची टोकं दिसतात, आणि मागचे दोन टप्पे आता चढता येत नाहीत. काही नाळांमधून खरंच वाटा आहेत, पण त्या माहीतगारांच्या. चुकून सापडलेल्या नाळेला ते लागू नाही.

भूगोलाच्या तासाला मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. धारेवरच्या वाडीतल्या एका धनगर आजींनी ते एका वाक्यात सांगितलं. ताक देता देता आमच्यातल्या एका पोराला म्हणाल्या, “वाट गावली न्हाय तर वर ये बाबा, पान्याच्या मागं जाऊ नगं, पानी कड्यावरनं जातंय.” या वाक्यात वाट चुकल्यावर काय करायचं ते सगळं आहे. वर या. परत धारेवर या. धारेवरून दोन्ही खोरी दिसतात, मोबाइलला रेंज मिळण्याची शक्यता वाढते, ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावता येतो आणि शोधायला येणाऱ्यांनाही आपण दिसतो. दमलेल्या माणसाला वर चढणं नको वाटतं, तहानलेल्याला तर पाण्याचा आवाज ओढूनच नेतो. म्हणून हे घरून निघतानाच मनाशी ठरवून ठेवावं लागतं.

मोबाइलमधल्या ट्रॅकबद्दल, म्हणजे आधी चाललेल्या कुणाच्या जीपीएसने नोंदवलेल्या वाटेबद्दल, थोडं लिहिते, कारण तरुण वाचक विचारतीलच. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, तो चांगलं साधन आहे, मीही वापरते. पण उतरवून घेतलेला ट्रॅक म्हणजे एका माणसाचा एक दिवस. तो जिथे पाणी शोधायला गेला, जिथे चुकून परत फिरला, तेही त्या रेषेत असतं. तो जानेवारीत चालला असेल आणि आपण ऑक्टोबरात कमरेएवढ्या गवतातून जात असू, तर वाट तीच आणि ओळख वेगळी. कड्याच्या कडेला तर दहा-पंधरा मीटरच्या फरकात जमीन असते किंवा नसते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशाचंही भान ठेवायला हवं. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने असतात, म्हणजे पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे सहज लपू शकतो. नकाशावर उतार सौम्य दिसला म्हणून तो पायांनी उतरता येईलच असं नाही.

दगडांवर रंगवलेल्या बाणांचं मला मनापासून दुःख होतं. कुणी आपल्या कार्यक्रमासाठी पांढरे बाण काढतं, पुढच्या वर्षी कुणी पिवळे. एखादा बाण त्यांच्या मुक्कामाच्या जागेकडे वळतो, एखादा नुसता पाण्याच्या टाक्याकडे. रंग राहतो, काढणारा निघून जातो, आणि मागून येणारा त्या बाणावर आंधळा विश्वास ठेवतो. गडांच्या तटावर, दरवाजांवर तर असं करणं हा गुन्हाच आहे. राजगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्यानंतर गर्दी आणखी वाढणार आणि बाणही वाढतील, ही भीती मला वाटते.

म्हणून आपल्याला विनंती अशी, की भटकंतीचा लेख छापताना लेखकाकडून चार गोष्टी मागून घ्या. लेखक कोणत्या महिन्यात चालला. वाटेत पाणी कुठे होतं आणि कुठे नव्हतं. कोणत्या ठिकाणी वाट फुटते आणि चुकीची वाट कुठे नेते. मधेच ट्रेक सोडायचा तर कुठून उतरावं. या धारेवर मधल्या खिंडीत डांबरी रस्ता लागतो, दमलेल्या गटाला तिथे थांबवता येतं आणि थांबवावंही, कारण राजगडाच्या संजीवनी माचीची चढण त्याच्या पुढे आहे. त्या माचीवरच्या अळू दरवाजापाशी अंधारात पोचणारे गट मी पाहिले आहेत. त्यांनी रस्त्यावरच थांबायला हवं होतं, आणि तसं त्यांना आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. लेखातला इतिहास दोन परिच्छेदांनी कमी झाला तरी चालेल, तो पुस्तकांत आहे. वाटेची ही माहिती चाललेल्या माणसाशिवाय कुणाकडे नसते.

या धारेचा हाताने काढलेला नकाशा माझ्याकडे आहे. त्यात ढोरवाटा फुटतात त्या जागा मी दाखवल्या आहेत. आपल्याला छापायचा असेल तर विनामूल्य पाठवते. सप्टेंबर संपायच्या आत छापता आला तर बरं, ऑक्टोबरच्या पहिल्या सुट्टीपासून धारेवर गर्दी सुरू होते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, भोर