नाटकातला तोटाही तोटा धरा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,

सादर नमस्कार.

व्यावसायिक मराठी नाटकांच्या निर्मितीसंस्थांचे हिशेब पाहणाऱ्या एका लेखापालाचे हे पत्र आहे. अनुदान मागण्यासाठी ते लिहिलेले नाही. नव्या नाटकांना प्रयोगागणिक अनुदान देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना आहे आणि ती चालू राहावी. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. पहिला प्रयोग लागण्यापूर्वी जो माणूस नाटकात स्वतःचा पैसा घालतो, त्याच्यासाठी आपल्या करव्यवस्थेत फारशी तरतूद नाही.

तालमी, नेपथ्य, वेशभूषा, पार्श्वसंगीत आणि जाहिराती हा सगळा खर्च शुभारंभापूर्वीच होऊन जातो. पुढे कलाकारांच्या नाईट (दर प्रयोगाचे मानधन), पडद्यामागच्या मंडळींचे मानधन, नाट्यगृहाचे भाडे आणि दौऱ्याची बस हे प्रत्येक प्रयोगाला द्यावेच लागते, मग बुकिंग कितीही होवो. प्रमुख नट ऐनवेळी आजारी पडला, तर प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण त्याच सकाळी छापून आलेल्या जाहिरातीचे पैसे निर्मात्याला कोणी परत देत नाही.

आता समजा, चार मित्रांनी भागीदारी संस्था काढून नाटक उभे केले आणि ते बाराव्या प्रयोगाला बंद पडले. तो तोटा संस्थेच्या खाती राहतो. आठ वर्षे पुढे ओढता येतो हे खरे, पण संस्थेने दुसरे नाटक केलेच नाही तर तो वजा करायचा कशातून? भागीदारांना तो आपल्या इतर उत्पन्नातून वजा करता येत नाही. एखाद्याने निर्मात्याला नुसते कर्जाऊ पैसे दिले असतील आणि सावकारी हा त्याचा व्यवसाय नसेल, तर बुडालेली मुद्दल त्याने विसरलेलीच बरी. नाटकात पैसा घालणारा मग एक तर हौशी असतो किंवा रोखीने व्यवहार करणारा, आणि हा दुसरा प्रकार आपल्या खात्याला आवडण्यासारखा नाही.

वस्तू व सेवा कराची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. नाटकाचे तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर कर नाही. ही मर्यादा 2018 च्या जानेवारीत अडीचशेवरून वाढवली गेली आणि तेव्हापासून तिथेच आहे. तिकीट सहाशेचे केले की 18 टक्के दराने 108 रुपये कर लागून प्रेक्षकाला 708 रुपये मोजावे लागतात, त्यामुळे पाचशे हीच व्यवहारात कमाल किंमत होऊन बसली आहे. शिवाय करमुक्त तिकिटावर निविष्टी कराची, म्हणजे खरेदी आणि सेवांवर आधीच भरलेल्या कराची, वजावट मिळत नाही. त्यामुळे जाहिरातीवर आणि भाड्याच्या प्रकाश व ध्वनियंत्रणेवर भरलेला कर निर्मात्याच्याच अंगावर पडतो. सवलत प्रेक्षकाला दिली आणि तिचा काही भार निर्मात्यावर टाकला, असा हा हिशेब आहे.

ब्रिटनने 2014 मध्ये नाट्यनिर्मितीसाठी करसवलत आणली. पडदा वर जाण्यापूर्वीचा निर्मितीखर्च तीत धरला जातो, निर्मितीसंस्था तोट्यात असली तरी सवलतीची रक्कम रोखीने मिळू शकते, आणि एप्रिल 2025 पासून 40 टक्के व दौऱ्यावर जाणाऱ्या नाटकांसाठी 45 टक्के हे दर कायम झाले आहेत. दौऱ्याला जास्त दर देण्याची ही कल्पना आपल्याकडे मुद्दाम उचलावी अशी आहे, कारण मुंबई-पुण्याबाहेर नाटक नेणे हाच निर्मात्याचा सर्वांत महागडा निर्णय असतो. आणि परदेशाकडे कशाला पाहायचे? भारतात चित्रीकरण करणाऱ्या परदेशी चित्रपटांना खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत, कमाल 30 कोटी रुपये परतावा देण्याची घोषणा 2023 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात आपल्याच सरकारने केली. परदेशी चित्रपटासाठी जे तत्त्व मान्य आहे, ते सांगलीत प्रयोग लावणाऱ्या नाटकासाठी अमान्य का असावे?

म्हणून विनंती अशी की, नोंदणीकृत नाट्यनिर्मितीत गुंतवलेली रक्कम बुडाल्यास ती ठरावीक मर्यादेपर्यंत गुंतवणूकदाराच्या इतर उत्पन्नातून वजा करू द्यावी आणि किमान तीन जिल्ह्यांत प्रयोग करणाऱ्या नाटकासाठी ही मर्यादा वाढवावी. तिकिटाची करमुक्त मर्यादा हजार रुपये करावी, आणि ज्या निर्मात्याला हवे असेल त्याला कमी दराने कर भरून निविष्टी कराची वजावट घेण्याचा पर्याय द्यावा. हा दुसरा विषय आपण अध्यक्ष असलेल्या जीएसटी परिषदेपुढे ठेवावा लागेल, याची जाणीव आहे.

सवलतीसाठी खोटी नाटके उभी राहतील, असा आक्षेप येईल आणि तो निराधार नाही. परंतु महाराष्ट्रात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, नाट्यगृहाकडे तारखांची नोंद असते आणि तिकिटे बऱ्याच प्रमाणात ऑनलाइन विकली जातात. ही तिन्ही कागदपत्रे एकमेकांशी पडताळून, किमान दहा जाहीर प्रयोग झाल्याखेरीज सवलत देऊ नये. लाखो रुपये मानधनाच्या भव्य संगीत मैफली यातून वगळल्या तरी नाटकवाल्यांची हरकत नसावी.

येत्या अर्थसंकल्पापूर्वीच्या सल्लामसलतीत उद्योग आणि शेती क्षेत्रांच्या प्रतिनिधींबरोबर नाट्यनिर्मात्यांच्या प्रतिनिधींनाही बोलवावे. ताळेबंद आणि खर्चाच्या पावत्या घेऊन आम्ही येऊ.

आपला विश्वासू,
नाट्यसंस्थांचा एक लेखापाल, मुंबई